अंधारात गप्प बसणारा रेणू: प्रकाशाच्या मदतीने डीएनएवर ताबा कसा मिळवायचा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "प्रकाश पडला की डीएनएवर काम करणारे आणि एरवी निष्क्रिय राहणारे रेणू बनवता येतात असं वाचलं. असा रेणू रचायची सुरुवात कुठून करायची? आणि असं एखादं औषध खरोखर रुग्णापर्यंत पोचलं आहे का, की सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. असं औषध आहे. पन्नास वर्षं ते रीतसर वापरात आहे आणि त्याचं एक मूळ आपल्या बावचीत आहे.

बावचीच्या बारीक काळ्या बिया आयुर्वेदात बाकुची या नावाने श्वित्रावर, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो त्यावर, वापरतात. लेप लावायचा आणि उन्हात बसायचं. १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या तिघा भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या बियांचं रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केलं आणि सोरालेन हे द्रव्य हाती लागलं. इजिप्तमध्ये अम्मी माजुस नावाच्या रानटी झाडाच्या बिया कोडासाठीच वापरात होत्या. त्यांतल्या ८-मेथॉक्सिसोरालेन या सोरालेनच्या भावंडाचा वैद्यकीय अभ्यास १९४०च्या दशकात तिथल्या अब्देल मोनेम अल-मुफ्ती यांनी केला. पुढे १९७४ साली अमेरिकेत पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी हेच द्रव्य पोटात देऊन, वर अतिनील-अ किरणांच्या दिव्याखाली रुग्णांना उभं केलं आणि सोरायसिसचे चट्टे निवळले. या उपचाराला पुवा म्हणतात. आपल्याकडे दिव्याऐवजी ऊन वापरतात, ते पुवासोल. कोडावर उपचार घेतलेल्या कितीतरी मराठी घरांत हा शब्द माहीत असतो. त्यामागचं रसायनशास्त्र मात्र सहसा कुणी सांगत नाही.

सोरालेनचा रेणू तीन कड्यांचा आणि पत्र्यासारखा सपाट आहे. डीएनए ही शिडी धरली तर तिच्या लागोपाठच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. सपाट रेणू त्या फटीत आडवा सरकतो. अंधारात तो नुसता आत-बाहेर करत राहतो, कुठलाही रासायनिक बंध जोडत नाही. ३२० ते ४०० नॅनोमीटरचा अतिनील-अ प्रकाश पडला, की त्याचा एक दुहेरी बंध शेजारच्या थायमिनच्या (डीएनएच्या चार अक्षरांपैकी, म्हणजे बेसपैकी, एक) दुहेरी बंधाशी जुळतो आणि चार कार्बनांचं कडं तयार होतं. हा झाला पहिला फोटॉन. समोरच्या धाग्यावरही नेमक्या जागी थायमिन असेल, तर दुसरा फोटॉन रेणूची दुसरी बाजू तिथे जोडतो. म्हणून एका धाग्यावर थायमिन आणि त्यापुढे अडेनिन असा क्रम त्याला विशेष मानवतो: समोरच्या धाग्यावरही तसाच क्रम उलट दिशेने असतो आणि दोन्ही थायमिन हाताशी येतात. आता शिडीचे दोन्ही दांडे एकमेकांना जोडले गेले. ती उघडत नाही, तिची प्रत निघत नाही, आणि वेगाने वाढणारी पेशी तिथे अडते.

सोरालेनचा सगळ्यात मोठा गुण कोणता, असं विचारलं तर बहुतेक विद्यार्थी "तो प्रकाशात डीएनएला जोडतो" असं सांगतात. माझ्या मते त्याचा खरा गुण अंधारातला आहे. गोळी घेतल्यावर तो सगळ्या अंगभर फिरतो, यकृतात जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून वाहतो, आणि जिथे अतिनील प्रकाश नाही तिथे डीएनएला बंध न जोडता काही तासांत शरीराबाहेर पडतो. उपचाराच्या दिवशी रुग्णाला डोळ्यांना गडद चष्मा लावायला आणि उन्हापासून जपायला सांगतात, ते या तासांपुरतंच. अंधारात गप्प बसणं ही गोष्ट रेणूत आयती येत नाही, ती रचावी लागते. पुढे जे सांगणार आहे त्याचा गाभा हाच आहे.

या गुणाचा सर्वात सुंदर उपयोग मला रक्तावरच्या उपचारांत दिसतो. १९८७ साली येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडलसन यांनी त्वचेतल्या टी-पेशींच्या लिम्फोमावर, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर, एक उपचार प्रसिद्ध केला: रुग्णाचं रक्त बाहेर काढायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, ८-मेथॉक्सिसोरालेनच्या सान्निध्यात त्यांच्यावर अतिनील-अ प्रकाश टाकायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ३७ रुग्णांपैकी २७ जणांना गुण आला. १९८८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मान्यता दिली. प्रकाश शरीरात खोलवर पोचत नाही ही अडचण इथे कशी सुटली ते बघा: प्रकाश आत नेण्याऐवजी पेशीच बाहेर आणल्या.

दुसरं उदाहरण अमोटोसालेनचं. हा सोरालेनचाच माणसाने सुधारलेला भाऊ, त्यावर धनभार असलेला अमिनो गट आहे, म्हणून तो पाण्यात चांगला विरघळतो आणि ऋणभारित डीएनएकडे ओढला जातो. रक्तदानातल्या प्लेटलेट्सच्या पिशवीत तो घालून अतिनील-अ प्रकाश टाकला, की पिशवीत चुकून असलेल्या जीवाणू-विषाणूंचं डीएनए-आरएनए जखडलं जातं. प्लेटलेट्सना केंद्रकच नसतं, त्यामुळे त्यांचं काम चालू राहतं. उरलेला रेणू शेवटी शोषून काढतात. अमेरिकेत याला डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. निशाणावर डीएनए आहे आणि ज्याला वाचवायचं त्याच्यात केंद्रकीय डीएनए नाही. इतकी स्वच्छ मांडणी आपल्या क्षेत्रात फार क्वचित सापडते.

पण सोरालेनची मर्यादाही तितकीच ठळक आहे. तो डीएनए वाचत नाही. थायमिन-अडेनिन दिसलं की जोडला, मग ते जनुक कर्करोगाचं असो की त्वचेतल्या निरोगी पेशीचं. अमेरिकेत पुवा घेतलेल्या १,३८० रुग्णांचा १९७५ पासून कित्येक दशकं पाठपुरावा झाला आणि त्वचेच्या स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाचं प्रमाण त्यांच्यात वाढलेलं दिसलं. म्हणून पुवा जपून, मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो. बावचीचं तेल लावून मनाने उन्हात बसल्याने अंगावर भाजल्यासारखे फोड आलेले लोक मी पाहिले आहेत. ही गोष्ट वाचून कुणी घरी प्रयोग करू नये, ही कळकळीची विनंती.

आता तुमचा पहिला प्रश्न. सोरालेनच्या पुढे जायचं तर रेणू कसा रचायचा?

माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी रेणूची रचना काढून आणतात. मी त्यांना तो कागद बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, प्रकाश कुठे टाकणार? खोली काळोखी करा, मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट ठेवा. बोट लाल दिसतं. टॉर्चमध्ये निळा, हिरवा सगळे रंग आहेत, पण रक्त आणि ऊती ते गिळतात, लालच तेवढा पलीकडे येतो. अतिनील-अ प्रकाश त्वचेत एक मिलिमीटरसुद्धा धड जात नाही. लाल काही मिलिमीटर जातो. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हिमोग्लोबिन आणि पाणी दोन्ही कमी शोषतात, तिथेच काय ती वाट आहे. म्हणजे जागा ठरलेल्या आहेत: त्वचा, डोळा, दुर्बिणीने पोचता येईल असं मूत्राशय किंवा अन्ननलिका, शस्त्रक्रियेत उघडी पडलेली जागा, आणि शरीराबाहेर काढलेलं रक्त. मूत्राशयाच्या कर्करोगावर टीएलडी-१४३३ या रुथेनियमच्या संयुगाची चाचणी चालली आहे ती अशीच, हिरवा प्रकाश आत नेऊन. तो रेणू मुख्यतः ऑक्सिजनला चेतवून पेशी मारतो, डीएनएचा क्रम ओळखत नाही, पण प्रकाश नेण्याची वाट म्हणून त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. जागा ठरली की तरंगलांबी ठरते, तरंगलांबी ठरली की रेणूंचे निम्मे पर्याय आपोआप गळतात.

मग दुसरा प्रश्न: डीएनए वाचायचं आहे की नुसतं गाठायचं आहे? माणसाच्या जनुकसंचाच्या एका संचात साधारण ३१० कोटी बेसजोड्या, म्हणजे शिडीच्या पायऱ्या, आहेत. चार अक्षरांचा सोळा लांबीचा शब्द घेतला तर असे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे शब्द होतात. म्हणजे एखादी जागा एकमेव म्हणून ओळखायची तर निदान सोळा-सतरा अक्षरं वाचावी लागतात. फटीत शिरणारा लहान रेणू दोन-तीन अक्षरांपलीकडे वाचू शकत नाही. त्याच्याकडून "कुठे" ची निवड फक्त प्रकाश करून देतो. "काय" ची निवड हवी असेल तर डीएनएचाच तुकडा, आरएनए किंवा त्यांची नक्कल वापरावी लागते. अशा नकलांमध्ये पेप्टाइड न्यूक्लिइक ॲसिड, म्हणजे पीएनए, महत्त्वाचं. १९९१ मध्ये कोपनहेगनला ते पहिल्यांदा बनलं आणि आपल्या पुण्यात कृष्णा गणेश यांच्या गटाने राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पुढे आयसर या विज्ञानसंस्थेत त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. न्यूक्लिइक आम्लांच्या रसायनशास्त्रासाठी तुम्हाला फार लांब जायची गरज नाही.

आता प्रकाशाचा भाग. बहुतेक जण अझोबेन्झीनपासून सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. दोन बेन्झीनची कडी, मध्ये नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध. १९३७ साली हार्टलीने दाखवलं की प्रकाशाने त्याचं सिस रूप तयार होतं. ट्रान्स रूप लांब आणि सपाट, दोन टोकांच्या कार्बनांमधलं अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटर. सिस रूप कोपरात दुमडलेलं, वळलेलं, तेच अंतर सुमारे ०.५५ नॅनोमीटर. ३५०-३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने ट्रान्सचं सिस होतं, निळ्या प्रकाशाने किंवा नुसत्या उष्णतेने परत ट्रान्स.

जपानमध्ये असानुमा आणि कोमियामा यांनी १९९९ मध्ये हा रेणू थेट डीएनएच्या धाग्यात बसवला. ट्रान्स सपाट असल्याने बेसजोड्यांच्या मध्ये नीट बसतो आणि दुहेरी धागा घट्ट होतो. सिस वाकडा असल्याने तिथे मावत नाही आणि धागे सुटतात. एका दिव्याने जोडी जमते, दुसऱ्याने मोडते. हा प्रयोग मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केला तेव्हा वर्णपटाच्या पडद्यासमोर कितीतरी वेळ बसून होते. दर तीस सेकंदांनी प्रकाश द्यायचा आणि रेष काढायची. ट्रान्सचा उंच डोंगर खाली येतो, उजवीकडे सिसचा छोटा उंचवटा वर येतो, आणि या सगळ्या रेषा एका ठराविक बिंदूतून जातात, जणू तिथे टाचणी मारली आहे. ती टाचणी घट्ट आहे तोवर समजायचं की दोनच रूपांची अदलाबदल चालू आहे. बिंदू फिसकटू लागला तर रेणू मोडतोय किंवा तिसरंच काही होतंय. दिवा लगेच बंद करायचा.

इथे एक हिशेब आहे, तो नीट समजून घ्या, कारण कितीतरी चांगले प्रकल्प याच हिशेबात बुडालेले मी पाहिले आहेत. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश कितीही वेळ टाकला तरी साध्या अझोबेन्झीनचे शंभरातले साधारण ८० रेणूच सिस होतात. त्याच प्रकाशाने सिसचं थोडं ट्रान्सही होत असतं, आणि कुठेतरी तोल येऊन थांबतो. समजा तुमचं औषध ट्रान्स रूपात सक्रिय आहे. अंधारात १०० सक्रिय, प्रकाशात २०. फरक फक्त पाचपट. त्यातून औषधाची मात्रा थोडी चढली तर उरलेले २०सुद्धा काम पुरं करायला पुरेसे. शिवाय रुग्णाच्या शरीराचा जो भाग वाचवायचा आहे तो सगळा सतत उजेडात ठेवावा लागेल, जे अशक्य आहे. आता उलट समजा, सिस सक्रिय आणि ट्रान्स मुका. अंधारात जवळपास सगळे ट्रान्स, म्हणजे सक्रिय जवळपास शून्य. प्रकाशात ८०. तोच रेणू, तोच दिवा, तोच हिशेब, पण एकातून औषध होऊ शकतं आणि दुसऱ्यातून फक्त शोधनिबंध. म्हणून मी म्हणते, प्रकाशातल्या रूपाच्या आधी अंधारातलं रूप रचा.

मग असानुमांच्या रचनेत अंधारातलं ट्रान्स तर धागे घट्ट करतं, त्याचं काय करायचं? ते किल्लीवर न लावता कुलपावर लावायचं. औषधाचा धागा स्वतःवरच दुमडून केसपिनेसारखा बंद ठेवायचा आणि अझोबेन्झीन त्या बंद दांड्यात बसवायचे. अंधारात दांडा घट्ट, औषधाचा क्रम आत लपलेला. प्रकाश पडला की दांडा सुटतो आणि धागा आपलं लक्ष्य शोधायला मोकळा होतो. मात्र दांड्याची लांबी ठरवताना शरीराचं ३७ अंश तापमान डोळ्यांसमोर ठेवा. खोलीच्या तापमानाला घट्ट वाटणारं कुलूप शरीरात आपोआप उघडलेलं मी अनुभवलं आहे.

लहान रेणूंमध्ये हाच विचार स्पायरोपायरनने फार छान दाखवला. २००८ मध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की त्याचं बंद रूप डीएनएला बांधत नाही, कारण त्याचे दोन भाग एकमेकांना काटकोनात असतात आणि फटीत शिरत नाहीत. उघडलेलं, प्रोटॉन घेतलेलं रूप सपाट आणि धनभारित असतं, ते बांधतं. आकार आणि भार दोन्ही एकाच वेळी बदलतात, म्हणून फरक मोठा मिळतो. तुमच्या रचनेत दोन गोष्टी एकदम बदलता आल्या तर एकीवर कधीच समाधान मानू नका.

रेणू पुन्हा मूळ रूपात परतायला हवा की नको, हेही आधीच ठरवा. वाचणाऱ्यांना चालू-बंद होणारं बटण फार आवडतं, पण उपचारात बहुतेक वेळा एकदाच चालू व्हायला हवं असतं. तिथे पिंजरा बरा. रेणूच्या कामाच्या जागीच नायट्रोबेन्झिलसारखा एक गट जोडायचा, म्हणजे काम बंद. प्रकाशाने तो गट तुटतो आणि मूळ रेणू मोकळा होतो. ही युक्ती १९७०च्या दशकात पिंजऱ्यातल्या एटीपीसारख्या रेणूंपासून सुरू झाली. २०२० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात टेकजिप हा ('हा' हे आडनाव) आणि बिन वू यांच्या गटांनी ती क्रिस्परवर, म्हणजे ठरावीक जागी डीएनए कापणाऱ्या साधनावर, लावली, आणि अंधारातल्या रूपाचा इतका बारकाईने केलेला विचार मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे. त्यांनी जागा दाखवणाऱ्या मार्गदर्शक आरएनएच्या फक्त दूरच्या टोकाला पिंजऱ्यातले बेस घातले. त्यामुळे कॅस-९ हे कात्रीसारखं प्रथिन योग्य जागा शोधतं, तिथे बसतं, पण पुढची जोडी जमत नाही म्हणून कापत नाही. सगळी शोधाशोध अंधारातच उरकलेली असते. प्रकाश पडताच काही सेकंदांत काप होतो. अंधारातलं रूप इथे रिकामं बसलेलं नाही, नेम धरून थांबलं आहे. पिंजऱ्याची एक खोट मात्र लक्षात ठेवा: तुटलेला नायट्रोबेन्झिल गट नायट्रोसो संयुग होऊन मागे उरतो आणि तो निरुपद्रवी नसतो. "प्रकाश दिला पण औषध नाही" या तुलनेत तो दिसत नाही. त्यासाठी रिकामा पिंजराच पेशींना देऊन, त्यावर प्रकाश टाकून वेगळं पाहावं लागतं.

पेशीच्या आत काय होतं त्यावर थोडं सविस्तर सांगते, कारण आमचे तीन महिने त्यात गेले. आमचा एक धनभारित अझोबेन्झीन रेणू क्यूव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, अप्रतिम वागत होता. डीएनएचं वितळणतापमान (ज्याला दोन धागे सुटे होतात ते) दोन दिव्यांखाली स्वच्छ वेगळं यायचं. पेशींमध्ये मात्र प्रकाश असो वा नसो, काहीच फरक पडेना. रेणू आत जात नाही असं वाटून आम्ही वाहक बदलले, वेळ बदलली, मात्रा वाढवली. शेवटी एका संध्याकाळी तो रेणू ग्लुटाथायोन या पेशीतल्या रसायनाच्या द्रावणात घालून, नळी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवली. सकाळी फॉइल काढली तर पिवळा रंग गेला होता, नळीत नितळ पाणी. पेशीत ग्लुटाथायोन १ ते १० मिलिमोलर इतकं असतं, आणि काही अझोबेन्झीनांचा दुहेरी बंध ते खाऊन टाकतं. हे माहीत असायला हवं होतं. जीवाणूंवरचं औषध म्हणून १९३५ साली आलेल्या प्रोन्टोसिल या अझो रंगाचा बंध शरीरात तुटतो आणि खरं काम त्यातून निघणारं सल्फानिलमाइड करतं, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याच वर्षी दाखवलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक नवा रेणू, अगदी वितळणतापमान मोजायच्याही आधी, एक रात्र ग्लुटाथायोनमध्ये ठेवते.

याच कारणाने कड्यांवर काय जोडायचं हे महत्त्वाचं ठरतं. नायट्रोजनच्या शेजारच्या चारही जागी फ्लुओरीन घातलं तर हिरव्या आणि निळ्या प्रकाशावर काम होतं आणि सिस रूप निम्मं व्हायला खोलीच्या तापमानाला जवळपास दोन वर्षं लागतात. बर्लिनच्या हेश्ट यांच्या गटाने हे २०१२ मध्ये दाखवलं. त्याच चार जागी मेथॉक्सी गट घातले तर लाल प्रकाशही चालतो, हे टोरोंटोच्या वूली यांचं काम. उलट एका कड्यावर इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसऱ्यावर ओढणारा गट असेल तर सिस क्षणार्धात परत फिरतं. कुठलं आयुष्य चांगलं? रुग्ण दिव्याखालून उठून घरी गेल्यावर परिणाम किती वेळ राहायला हवा, त्यावर ते ठरतं. हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा असतो, आणि तो रेणू बनवायच्या आधी विचारायचा असतो.

असे बटणासारखे रेणू माणसांत वापरायला सुरुवात झाली आहे, पण डीएनएवर नव्हे. रेटिनायटिस पिग्मेंटोसाने दृष्टी गेलेल्या मोजक्या रुग्णांच्या डोळ्यांत केआयओ-३०१ हा अझोबेन्झीन रेणू ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला टोचून पाहिला गेला. तो पेशींच्या आयन वाहिन्यांवर काम करतो. डोळा निवडला हे साहजिकच आहे: प्रकाश आत पोचावा यासाठीच तो अवयव आहे. डीएनएवरची पहिली उलटसुलट होणारी औषधंही डोळा किंवा त्वचेपासूनच सुरू होतील असं मला वाटतं.

तुम्ही विचारलंत सुरुवात कुठून करायची. महागडा रेणू बनवायच्या आधी तुमच्या कॉलेजात होईल असा एक प्रयोग सुचवते. ८-मेथॉक्सिसोरालेन, कुठलंही साधं प्लाझ्मिड (जीवाणूंतलं छोटं गोल डीएनए), ३६५ नॅनोमीटरचा एलईडी आणि अगारोज जेल. प्लाझ्मिड एका जागी कापून सरळ करून घ्या, रेणू घाला, प्रकाश द्या, मग अल्कली घालून धागे सुटे करा आणि अल्कलीतल्याच जेलवर चालवा. जिथे दोन्ही धागे जखडले गेले तिथे पट्टी मागे राहते, न जखडलेले सुटे धागे पुढे जातात. हातमोजे आणि अतिनील चष्मा सक्तीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा रेणू आणि अतिनील-अ प्रकाश यांची जोडी माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातली आहे, तेव्हा हयगय नको. प्रकाश अंदाजाने देऊ नका. "दहा मिनिटं दिवा" याला अर्थ नाही, फेरिऑक्झलेटचं द्रावण वापरून खरोखर किती फोटॉन पडले ते मोजा. एलईडीच्या जवळ थर्मामीटर ठेवा, कारण कित्येकदा प्रकाशाचा म्हणून वाटलेला परिणाम उष्णतेचा निघतो.

खोलीतली ट्यूबलाइट बंद, फक्त लाल दिवा, प्रत्येक नळीला फॉइल. एकदा आमच्याकडे अंधारातल्या प्लेटमधल्या पेशीही मरत होत्या आणि कारण निघालं कल्चर हूडमधला पांढरा दिवा: माध्यम बदलायला लागणारी चार मिनिटं पुरली होती.

जेलवर किमान चार घरं हवीत: काहीच नाही, फक्त प्रकाश, फक्त रेणू अंधारात, आणि दोन्ही मिळून. विद्यार्थी धावत चौथं घर बघायला जातात. तुम्ही आधी तिसरं बघा. त्यात जखडलेल्या पट्टीची अस्पष्ट सावलीसुद्धा नसेल, तर पुढचा रेणू काढायला कागद घ्या. सावली असेल तर ती कुठून आली ते सापडेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नका.